गोळी लागलेलं हरीण

वुडलँड्सला आमच्या शेजारी राहणारे चिनी अंकल दरवर्षी न्यूझीलंडला हरणांच्या शिकारीला जातात. मी अंडंही न खाणारी, पण लिफ्टमध्ये पळणार कुठे?

"नुकतीच झाडं तोडलेली जमीन बघायची, ला. कोवळं फुटतं, हरणं येतातच, ला."

वाक्याच्या शेवटी सवयीचं ते 'ला'; पण बोलताना हात हलत नाहीत, पापणीही नाही.

यंदा त्यांचं परतीचं विमान चुकलं. गोळी लागलेलं हरीण पळालं आणि हे दुखरा गुडघा घेऊन, तोडून टाकलेल्या फांद्यांच्या ढिगाऱ्यांतून दुसऱ्या दिवशीही रक्ताचा माग काढत राहिले.

"अहो अंकल, सोडून द्यायचं! मेलंच असेल की," मी वैतागून म्हटलं.

"मेलं नसलं तर? गोळी माझी होती."