संजूची अमेरिका आणि आमचा शुभारंभ

आमच्या विनोदी कार्यक्रमाचा शुभारंभाचा प्रयोग रविवारी होता आणि त्यात काम करणाऱ्या दोन नटांपैकी एक शनिवारी अमेरिकेला गेला. तो नट माझा सख्खा धाकटा भाऊ होता. दुसरा नट मी.

कार्यक्रमाचं नाव होतं 'हसायचं असेल तर बसा'. (नाव मीच ठेवलं होतं. पुण्यात प्रेक्षकांना विनंती केली की ते येत नाहीत, अशी माझी समजूत होती.) स्किट्स सगळी मी लिहिलेली. मी पाटबंधारे खात्यात, त्यामुळे लिहायला वेळ भरपूर! एकात कॉल सेंटरमधला पोरगा होता, रात्रभर 'सॅम' बनून अमेरिकेशी बोलायचा आणि सकाळी आईने चहा दिला की तिलाही 'अजून काही मदत करू का?' असं इंग्रजीत विचारायचा. एकात बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेले साहेब होते, ते घरातही दुपारी स्वयंपाकघराचं दार लावून 'काउंटर बंद' म्हणायचे. एकात स्वतःच विकलेल्या शेतावर फ्लॅट घ्यायला आलेला शेतकरी होता. आणि शेवटी दोन भाऊ आणि त्यांच्यात एक कॉम्प्युटर.

सगळी स्किट्स दोन माणसांची. रचना सोपी होती. मी बोलायचं आणि संजूने ऐकायचं. मी एक वाक्य टाकायचो, संजू नुसता बघायचा, आणि लोक हसायचे. माझ्या वाक्यांना हसू जरा उशिरा येतं असं मला कायम वाटायचं, पण चांगल्या विनोदाला वेळ लागतोच, अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

आम्ही विश्रांतवाडीला राहत होतो. आई, मी, माझी बायको वैशाली आणि संजू. संजू कॉम्प्युटर इंजिनिअर. सकाळी कंपनीची एसी बस त्याला न्यायची, संध्याकाळी आणून सोडायची, आणि त्यानंतर सोसायटीच्या पार्किंगमध्ये आमची तालीम. अशीच प्रयोगाच्या आठवड्यातल्या सोमवारी मी त्याची वाट बघत उभा होतो. तो बसमधून उतरला तो पळतच आला.

"दादा! लागलं रे, ऑनसाइट लागलं!"

"कुठे लागलं? फार लागलं का?" मी घाबरून त्याचे गुडघे बघायला लागलो.

"अरे, अमेरिका! शनिवारची फ्लाइट!"

"रविवारी प्रयोग आहे."

"हो ना," तो म्हणाला. कुणाच्या तरी लांबच्या काकांची तब्येत विचारावी, तसा.

"पुढे नाही का ढकलता येणार?"

"प्रयोग?"

"अमेरिका!"

यावर तो उत्तर देणार, तेवढ्यात आमचा आरडाओरडा ऐकून आई खाली आली. आईने आधी त्याला जवळ घेतलं, मग देवापुढचा पेढा आणून माझ्या तोंडात कोंबला. पुढचं माझं सगळं म्हणणं त्या पेढ्याखालीच राहिलं. आजही तिथेच आहे.

प्रयोग रद्द करणं शक्य नव्हतं. कसब्यातला हॉल मोठ्या मिनतवारीने मिळाला होता. मी मॅनेजरना विचारून पाहिलं, तर ते चष्म्यावरून म्हणाले, "तारीख सोडा की! आनंदाने सोडा. पुढची तुमच्या नातवाच्या नावावर लिहून ठेवतो." तिकिटं नातेवाइकांच्या आणि ऑफिसातल्या लोकांच्या गळ्यात आधीच मारून झाली होती. आता फक्त नट हवा होता.

"माझ्या मामांना विचारू का?" वैशाली म्हणाली. "त्यांना रंगभूमीचा अनुभव आहे."

"कसला?"

"गावच्या नाटकात भीम करायचे."

"विनोदी होता का भीम?"

वैशालीने थोडा विचार केला. "लोक हसायचे," ती म्हणाली.

ज्ञानोबामामा पुण्याजवळच्या मांजरी गावचे. उसाची जमीन बिल्डरला दिल्यापासून त्यांच्याकडे एक नवी कोरी जीप, बोटाबोटांत अंगठ्या आणि दिवसभराचा वेळ होता. मंगळवारी ते जीप घेऊन आले, खुर्चीत बसले आणि शेतकऱ्याचं स्किट ऐकून झाल्यावर म्हणाले, "झ्याक लिवलंय जावईबापू. पर ह्ये शेवटी मी फ्लॅटचा भाव ऐकून चक्कर यिऊन पडतो, त्ये काय जमायचं न्हाय."

"मामा, तिथेच तर विनोद आहे."

"आवो, आक्खी भावकी येनार हाय बघाया! त्यांच्या म्होरं भाव ऐकून पडू व्हय? उद्या गावात कोन इचारंल मला?"

"मग काय कराल?"

"घेतो की! दोन घेतो. त्याच्या वरचा बी घेतो."

"पण मामा, तुम्ही घेतलात तर स्किट तिथेच संपलं!"

"संपू द्या. लवकर जेवाय बसू."

बुधवारी कॉल सेंटरची तालीम. मामांनी रिसीव्हर उचलला आणि पार्किंगमधल्या स्कूटर हलतील अशा आवाजात म्हणाले, "हॅलो! म्या सॅम बोलतोय, मांजरीचा!" मी त्यांना समजावलं की अमेरिकेतल्या बाईला सॅम मांजरीचा आहे हे कळता कामा नये. मामा म्हणाले, "का? मांजरीला काय झालंय?"

घरात तर माझ्या कार्यक्रमाचं नाव घ्यायला कुणी तयार नव्हतं. आई चकल्या तळत होती, वैशाली मेतकूट भरत होती. स्किटमधली बॅग मी कोपऱ्यात ठेवली होती, तीत संजूचे स्वेटर गेले. कॉम्प्युटर म्हणून रंगवलेल्या खोक्यात लोणच्याच्या बरण्या गेल्या. गुरुवारी बँकेच्या साहेबांचा कोट दिसेना.

"आई, माझा कोट?"

"संजूच्या बॅगेत. तिकडे थंडी असते."

"आणि मी स्टेजवर काय घालू?"

"तुला कसब्यात थंडी वाजणार आहे का?" आईने झारा न थांबवता विचारलं.

संजूला मात्र वाईट वाटत असावं. तो गुरुवारी संध्याकाळी माझ्याजवळ येऊन बसला. "दादा, उद्या सगळे मला भेटायला येणारच आहेत. पार्किंगमध्ये एकदा आपण दोघं पूर्ण करू या ना. माझीही हौस फिटेल." मला भरून आलं. (भरून आलं की माणसाने लगेच हो म्हणू नये. थोडं चालून यावं.) मी लगेच हो म्हणालो.

शुक्रवारी संध्याकाळी पार्किंगमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. झाडून सगळे नातेवाईक, सोसायटीतली बिऱ्हाडं, संजूच्या कंपनीतली मुलं, माझ्या ऑफिसातले कुलकर्णी सहकुटुंब! आणि काय रंगला प्रयोग! संजू नुसता बघत होता आणि लोक खुर्च्यांवरून घसरत होते. आमच्या आत्याला ठसका लागून पाणी द्यावं लागलं. कुलकर्णी तर स्वतःच्या मांडीऐवजी शेजारच्या माणसाची मांडी थोपटत होते. मला वाटलं, आता रविवारी काही का होईना, आपण लेखक आहोत!

शेवटचं स्किट आलं. कॉम्प्युटरवरून भांडण होतं आणि धाकटा भाऊ घर सोडून निघतो. मी म्हणायचं, "जा! जा! जाशील कुठे? दोन दिवसांत परत येशील!" त्यावर संजूने दारातून मागे वळून म्हणायचं, "येईन!" आणि पडदा.

मी माझं वाक्य म्हटलं. संजू वळला आणि नुसताच बघत राहिला. लोक हसायला लागले. हा नवा पॉझ घेतोय, मलाही वाटलं. मग मला त्याचे डोळे दिसले.

"येईन!" मी ओठ न हलवता कुजबुजलो. लोक आणखी हसले.

"संज्या, येईन म्हण ना!" मी जरा मोठ्याने म्हणालो. आता तर शिट्ट्या!

त्याने काही ते म्हटलं नाही. आज इतकी वर्षं झाली, तिकडे त्याचं घर झालं, बायको झाली, मुली झाल्या, ते एक वाक्य त्याने अजून म्हटलेलं नाही. त्या दिवशी मात्र सगळ्यात मोठा हशा तिथेच पिकला होता. मी लिहिलेल्या एवढ्या वाक्यांमध्ये, न म्हटलेल्या वाक्याला!

शनिवारी अख्खं खानदान मुंबईच्या विमानतळावर गेलं. मामांची जीप, मागे एक मिनीबस. मीही गेलो, भाऊच तो, काय करणार? आम्ही काचेबाहेर उभे होतो आणि आत संजू ट्रॉली ढकलत चालला होता. मामांना वाटलं, काचेतून ऐकू जात नसेल तर आपणच कमी पडतोय. त्यांनी भीमाच्या आवाजात, जीव तोडून, "संजूबाळा! सांभाळून रं!" अशा हाका मारल्या. विमानतळावरचे पोलीससुद्धा सांभाळून उभे राहिले.

रविवारी सकाळी मामा उठले, तर त्यांना आवाज नव्हता.

नव्हता म्हणजे नव्हताच! तोंड उघडलं की सायकलच्या चाकातून हवा जावी, तसं काहीतरी व्हायचं. हळदीचं दूध झालं, ज्येष्ठमध झाला. कसब्यात पोचलो तरी तेच.

आत डोकावून पाहिलं, तर हॉल जवळजवळ ओस. मी कुलकर्ण्यांना फोन लावला.

"येताय ना?"

"कुठे?"

"अहो, प्रयोगाला! तिकिटं घेतलीत ना!"

"ते पाहिलं की परवा. छान होतं," कुलकर्णी म्हणाले. "पुन्हा काय बघायचं? आणि संजय नाहीये ना आता?"

आत्या म्हणाली, प्रवासाने अंग दुखतंय. तिची सून म्हणाली, परवा इतकं हसले की आता नको. शुक्रवारी फुकटात सगळा कार्यक्रम दाखवून मी माझे सगळे प्रेक्षक स्वतःच्या हाताने संपवले होते! उरली ती मामांची भावकी, पुढच्या रांगा भरून, फेटे बांधून. आणि एका कडेला एक आजोबा-आजी. त्यांनी म्हणे बाहेरची पाटी वाचून खरोखर तिकीट काढलं होतं. त्यांना बघून मला हुंदका यायचा बाकी होता.

पडदा उघडला. मामांना बोलता येईना, म्हणून दोघांचंही मीच बोलत होतो. सॅमही मीच आणि अमेरिकेतली बाईही मीच. बँकेच्या साहेबांना कोट नव्हता म्हणून ते वैशालीची शाल पांघरून आले. भावकी शांत बसली होती, कीर्तनाला बसावी तशी. मग शेतकऱ्याचं स्किट आलं. मी बिल्डर म्हणून फ्लॅटचा भाव सांगितला. मामांनी चक्कर तर आणली नाहीच, उलट दोन बोटं वर केली. भावकीतून शिट्टी! मी घाबरून भाव वाढवला. मामांनी चार बोटं दाखवली. मी आणखी वाढवला, तर मामांनी हाताने सगळी इमारतच कवेत घेतली. टाळ्यांचा कडकडाट! पुढच्या रांगेतला एक फेटेवाला उठून ओरडला, "ज्ञानोबा, पार्किंग बी घे!"

मध्यंतरात ते आजोबा माझ्याकडे आले.

"आपण लेखक का?"

"हो," मी शाल सावरत म्हणालो.

"यात विनोदी भाग कोणता?"

"सगळंच विनोदी आहे."

"अस्सं? मग पाटीवर तसं लिहायला हवं होतं," ते म्हणाले. "निघतो आम्ही. आपली सूचना स्पष्ट आहे. हसायचं असेल तर बसा. हसायचं काही दिसत नाही." आणि आजींचा हात धरून, अगदी सभ्यपणे, ते निघून गेले.

शेवटच्या स्किटला मी मागच्या रिकाम्या खुर्च्यांकडे बघत म्हणालो, "जा! जा! जाशील कुठे? दोन दिवसांत परत..." तालमीत हे वाक्य मी शंभरदा म्हटलं असेल. या वेळी 'परत'वरच मला रडू फुटलं आणि 'येशील' राहूनच गेलं. मामांनी दारातून मागे बघितलं. त्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी जोरजोरात मान हलवली, गेल्या पावली परत आले आणि मला मिठी मारली. मिठी भीमाची! माझ्या बरगडीतून आवाज आला. मामांनाही रडू फुटलं. भावकी उभी राहून टाळ्या वाजवत होती; भाऊ परत आला होता ना!

विंगेत वैशालीने मला पाणी दिलं.

"शेवटी रडलात, ते फार खरं वाटलं हो," ती म्हणाली.

"आणि बाकीचं?"

"बाकीच्यात तुम्ही बोललात," ती म्हणाली.

दुसरा प्रयोग झाला नाही. संजू दर रविवारी फोन करायचा, मी दर रविवारी 'दुसऱ्या प्रयोगाची तारीख बघतोय' म्हणायचो. गणपतीत त्याचा फोन आला तो भलत्या उत्साहात.

"दादा, इथल्या मंडळात आपली स्किट्स केली! लोक वेडे झाले हसून!"

"अरे वा! पण माझं काम कुणी केलं?"

"माझा रूममेट आहे ना, त्याने. तेलुगू आहे."

"त्याला मराठी येतं?"

"छे! एक अक्षर नाही."

"मग माझी वाक्यं?"

"ती काढून टाकली," संजू म्हणाला. "तो नुसता उभा राहतो, मी बघतो. एकदम पळायला लागली रे स्किट्स! तू पण करून बघ."

मी फोन ठेवला. आई शेजारीच बसली होती.

"काय म्हणत होता?" तिने विचारलं.

"अमेरिकेत माझी भूमिका फार गाजली म्हणाला."

"तू कुठे केलीस ती?"

"मी नाही. दुसऱ्याने केली."

"मग बरोबर," आई म्हणाली.