तेलकट कडा

धुळ्यातल्या त्या प्रदर्शनाची आठवण निघाली की मला अजून स्वतःची किळस येते. ते भरवणाऱ्या समितीची येते ती वेगळी.

ऐंशीच्या दशकाचा शेवट असेल. मी जळगावच्या एका शाळेत ड्रॉइंग मास्तर होतो. भडगावचे एक म्हातारे चित्रकार वारले. त्यांनी जन्मभर दिवाळी अंकांसाठी चित्रं काढली, पण एकावरही तारीख टाकली नाही. त्यांच्या पत्नीने, आम्ही सगळे त्यांना अक्का म्हणायचो, सगळा गठ्ठा समितीच्या हवाली केला आणि समितीने माझ्या. कोणतं चित्र कधीचं ते मी ठरवायचं होतं. मी हुरळलो. कागदाचा पोत, टाकाची रेघ, बायकांच्या पोलक्यांच्या बाह्या असं बघत मोठ्या ऐटीत ढीग लावले.

चाळीसेक चित्रांत रेघ थरथरत होती. घरं वाकडी, बैलांचे पाय काड्यांसारखे. शाळकरी वय, मी ठरवून टाकलं. पानाचा तोबरा भरलेले समितीचे अध्यक्ष नाचायचेच बाकी राहिले. "जन्मजात कलावंत! हीच पहिल्या भिंतीवर लावा." त्या चित्रांच्या उजव्या कडेला तेला-हळदीच्या बोटांचे डाग होते. फ्रेममध्ये घाण दिसतील म्हणून मी पट्टी ठेवून ब्लेडने कडा कापल्या. एकूण एक.

उद्घाटनाला आलेल्या अक्का पहिल्या भिंतीपाशी थबकल्या. 'शाळकरी वयातली चित्रं' ही तिथली पाटी त्यांनी मला वाचून दाखवायला लावली.

"नहीं भाऊ," त्या म्हणाल्या. "हाई बठ्ठं शेवटला दोन सालनं शे. त्यासना उजवा हात गया, मंग डावा हातवर शिकनात. कागद सरके, म्हनीसन मी धरी बसू. सैपाक टाकीसन."

शेवटच्या दोन वर्षांतली? मी पुन्हा बघितलं. तिसऱ्या चित्रात घरावर चक्क टीव्हीचा अँटेना होता. मी त्याला शिडी समजलो होतो!

अध्यक्ष माझ्या कानाशी आले. "असू द्या, कोणाला कळतंय? पाटी राहू द्या." पानाची थुंकी माझ्या गालावर उडाली. शिसारी आली, पण पाटी मी काढली नाही. पाहुणे येत होते आणि चूक कबूल करायची मला लाज वाटत होती.

अक्का फ्रेमच्या उजव्या कडेवरून हात फिरवत होत्या.

"भाऊ, आठे मना बोटं व्हतात. कोठे ग्यात?"

"डाग होते ते, अक्का," मी म्हणालो. "कापून टाकले."