मोहाचं झाड आणि माझा कायदेशीर सल्ला

आमच्या घरातला दावा बाबा विरुद्ध काका असा होता आणि तारखेला दोघेही एकाच बैलबंडीनं चांद्याच्या कोर्टात जात. बंडीला एक बैल आमचा, एक काकांचा. वेगळं जायचं तर रिकाम्या बाजूला कुणाला तरी स्वतःला जुंपून घ्यावं लागलं असतं. (काकूंनी काकांना तसं सुचवलंही होतं म्हणतात.)

भांडण मोहाच्या झाडाचं. ते दोन शेतांच्या मधल्या धुऱ्यावर उभं होतं आणि त्याची फुलं कुणी वेचायची एवढाच प्रश्न होता. पण ती वाळवून, खाऊन-विकून पावसाळ्यातले कितीतरी दिवस निघायचे, म्हणून माघार कुणीच घेत नव्हतं.

मी नागपूरला इंटरला शिकतो. घराण्यात कॉलेज पाहिलेला पहिलाच, तेव्हा मला कायदा येतच असणार, असं बाबांनी धरलं होतं.

"बाबा, मी आर्ट्सला आहे," मी सांगून पाहिलं.

"कशालेई ऱ्हाय, पन कोर्टाचं सांग."

गेल्या उन्हाळ्यात कोर्टानं जागा पाहायला एका वकिलांना कमिशनर नेमलं. परतताना बंडीत बाबांनी हळूच विचारलं, "आता काय करावं गा?"

मीही हळूच, पण (माझ्या मते) अभ्यासपूर्ण उत्तर दिलं. फुलं पडण्याआधी झाडाखालचा पाला झाडून जाळायची आपल्याकडे रीत आहे. जो झाडून जाळतो, त्याची वहिवाट. कमिशनर यायच्या सकाळीच आपण ते करून ठेवायचं. बाबांना सल्ला पसंत पडला. पुढे बैल हाकत बसलेल्या काकांनाही पडला असावा.

त्या सकाळी आम्ही खराटे घेऊन पोचलो, तर पलीकडून काका-काकू अर्धं झाडून मोकळे झालेले.

"काऊन रे, इथी काय करून राह्यला?" बाबांनी विचारलं.

"तुमचा पोरगाच तर सांगत होता, दादा."

आम्ही घाईनं पाला लोटला आणि बाबांच्या सांगण्यावरून मी काडी ओढली. तेवढ्यात काकांची हाक आली, "माचीस आन गा इकडं, घरीच राह्यली."

सख्ख्या काकांना नाही कसं म्हणायचं? मी नेऊन दिली. काका म्हणाले, "आता तूच लाव, माह्या हातात खराटा आहे." मी लावली.

मग वारा सुटला. दोन्ही आगी झाडाखाली भेटल्या आणि धुऱ्यावरून सरळ सरकारी जंगलाच्या गवतात शिरल्या. बाबा आणि काका पळसाच्या डहाळ्या तोडून खांद्याला खांदा लावून आग झोडपू लागले. आई आणि काकू एकाच विहिरीवरून घागरी आणत होत्या. मी दोन्ही पक्षांना सूचना करत होतो.

आग विझली तेव्हा कमिशनरसाहेब बांधावर उभे होते. दुर्दैवानं धूर पाहून जंगलखात्याचा नाकेदारही आला होता.

"हे झाड कुणाचं?" नाकेदारानं दरडावलं.

बाबांनी घाम पुसला. "माह्या भावाचं हाय, साहेब."

"नाई जी," काका म्हणाले, "दादाचंच. आमच्या बापानं दादालेच देल्लं."

"झूट बोलते. त्याचंच हाय."

कमिशनरसाहेबांनी टोपी काढून पुन्हा घातली. दाव्याचे कागद त्यांच्याच पिशवीत होते. झाड जळालं नव्हतं, नुसतं काळवंडलं होतं. पण ते घ्यायला आता कुणी तयार नव्हतं.

"बरं, आग कुणी लावली?" नाकेदारानं विचारलं.

इतक्या तारखा झाल्या, पण दोघा भावांची जबानी कधी जुळली नव्हती. त्या दिवशी ती अक्षरशः जुळली. दोघांनी एकदमच माझ्याकडे बोट केलं.

नाकेदारानं आम्हा तिघांना दम देऊन सोडलं. दावा पुढच्याच तारखेला तडजोडीनं मिटला. फुलं निम्मी-निम्मी, आणि मी झाडापासून लांब राहायचं, असं ठरलं.

आगीच्या त्या दिवशी जाताना कमिशनरसाहेबांनी मला आपुलकीनं बाजूला घेतलं. "कॉलेजात कोणता विषय घेतलाय?"

"तर्कशास्त्र," मी म्हणालो.

सज्जन माणूस. अहवालात त्यांनी तेवढं लिहिलं नाही.