लेखक : पारंपरिक
ओल्या हळदीचा वास आला की मला कर्जतमधली ती रेकॉर्डिंगची खोली आठवते आणि स्वतःचाच राग येतो. ते हळदीचं गाणं आत्याने रचलं होतं, भिसेगावच्या एका लग्नघरी जात्यावर हळद दळताना. त्या खोलीत पंखा बंद करून ती घामाघूम होईस्तोवर गायली. मग रेकॉर्डिंगवाल्याने विचारलं, "गाणं कोणाचं?" आत्या पदर सावरत लाजली. "माजं कसलं रं, आपल्या सगल्यांचंच हाय." स्वतःचं म्हणून मिरवायची आमच्याकडे लाजच वाटते. गाण्याच्या नोंदणीचा अर्ज मी भरत होतो. लेखकाच्या रकान्यात मी 'पारंपरिक' लिहिलं. शिकलेला ना मी! पुढे गाणं गावोगाव वाजलं, तेव्हा गीतकारांना रॉयल्टी वाटणाऱ्या संस्थेत तीनदा खेटे घातले. "पारंपरिक गाण्याला लेखक नसतो." "अहो, ती बाहेर बाकावर बसलीय!" "पण अर्जावर अक्षर तुमचंच ना?" काल खालापूरला एका हळदीत डीजेवर तेच गाणं लागलं, कुणीतरी एक शब्द बदललेलं. आत्या आपल्या मूळ शब्दांत गुणगुणू लागली, तर शेजारची पोरगी हसली, "आजी, शब्द चुकला गं तुझा." आत्या ओशाळली. "असंल गं बाय," म्हणाली.