आप्पांचं एक-शून्य

आप्पा साळवे टीव्हीला शिक्षा करायचे. थट्टा नाही, मी या डोळ्यांनी पाहिलंय. युरोपातली फुटबॉलची मॅच चालू असायची. एखादा संघ एक गोल मारून मोकळा व्हायचा आणि मग सगळेच्या सगळे आपल्याच गोलासमोर घोळका करून उभे राहायचे. चेंडू पुढं न्यायचं नाव नाही, उलट मागं गोलकीपरकडे ढकलत बसायचे. असं झालं की आप्पांचा पारा चढलाच. ते ताडकन उठायचे, टेबलावरचा जड टीव्ही दोन्ही हातांनी धरून त्याचं तोंड भिंतीकडं फिरवायचे आणि म्हणायचे, "ऱ्हा उभा तसाच! लाज वाटंस्तवर इकडं बघायचं न्हाई!" मग आम्ही टीव्हीच्या पाठीकडं बघत बसायचो. आवाज चालूच असायचा. मध्येच लोकांचा गलका ऐकू आला की आप्पांची धांदल उडायची. घाईघाईनं टीव्ही फिरवताना केबलची वायर निसटायची, आणि गोल कुणी मारला ते शेवटपर्यंत कळायचं नाही.

आम्ही दोघं रांजणगावच्या एमआयडीसीत एकाच कंपनीत होतो. ते मशीन शॉपमध्ये सुपरवायझर, मी टाइम ऑफिसात हजेरीच्या कामाला. दोघांच्याही खोल्या शिरूरला, मध्ये एक भिंत. त्यांचं बिऱ्हाड दौंडला होतं. वडील रेल्वेत खलाशी, म्हणजे अंगमेहनतीचे कामगार, त्यामुळं आप्पांचं लहानपण रेल्वेच्या मैदानावर गेलं. तिथं ड्रायव्हर आणि गार्डांची पोरं फुटबॉल खेळायची, त्यांच्यात हे अनवाणी घुसले ते कायमचेच. क्रिकेटचा विषय निघाला की म्हणायचे, "आमच्या दौंडात कुणी बॅट घेतली की आया कपाळाला हात लावून बघायच्या, ताप आला का काय."

आमच्या पट्ट्यात कंपन्यांची सुट्टी गुरुवारी. बुधवारची मॅच गुरुवारी दुपारी पुन्हा दाखवायचे, आणि हा योगायोग देवानं खास आपल्यासाठी जुळवलाय असं आप्पांचं म्हणणं होतं. देव मानत नव्हते, तरी म्हणायचे. मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. मी जायचो तो आप्पांना बघायला. शून्य-शून्यवर मॅच सुटली की ते हताश होऊन म्हणत, "झिरो-झिरो म्हंजी काय, दोन्ही घरी चूल पेटली न्हाई." पण त्यांचा खरा राग खेळाडूंवर नसायचाच. तो असायचा रेषेबाहेर कोट घालून उभ्या असलेल्या कोचवर. "ह्यो कोटवाला बघ. पोरं पळायला तयार हायेत, पर ह्याला आपली कातडी वाचवायचीय. पोरांचं काय का होईना!"

त्यांचा आवाज म्हणजे दौंड जंक्शनचा भोंगा. गल्लीत मला किती वेळा मान खाली घालावी लागली, काय सांगू! लग्नानंतर माझे सासरे वरवंडहून पहिल्यांदाच आमची खोली बघायला आले. दारात उभे राहून चपला काढत होते, एवढ्यात शेजारून गर्जना झाली, "अरं घुस की आत! दारात काय उभा ऱ्हायलास मुडद्या!" सासरे एक चप्पल पायात ठेवूनच आत आले. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. आप्पांना सांगितलं तर ते स्वतः चहा घेऊन माफी मागायला आले आणि सासऱ्यांना तासभर फुटबॉल समजावून गेले.

तर अशा माणसाला कंपनीनं कोच केलं. त्या वर्षी एमआयडीसीतल्या कंपन्यांच्या फुटबॉल स्पर्धा ठरल्या, आणि आमच्याकडं हा खेळ कळणारा दुसरा होता कोण? आप्पांनी शिफ्ट संपल्यावर पोरं पळवायला सुरुवात केली. त्यात त्यांना बिरा सापडला. बिरा कोकरे, निमोण्याचा, पॅकिंगमध्ये कॉन्ट्रॅक्टवर. त्याच्या आजापर्यंत घरात मेंढरं होती, बाप थोडकी शेती करत होता. पोरगं वाऱ्यासारखं पळायचं. आप्पा म्हणायचे, "ह्याला शिकवायचं काय? फकस्त आडवायचं न्हाई, एवढंच आपलं काम."

फायनलच्या आधी बातमी आली. हेड ऑफिसचे मोठे साहेब सामना बघायला येणार, आणि खेळ बघून कॉन्ट्रॅक्टमधल्या एका पोराला परमनंट करणार. परमनंट! या शब्दासाठी आमच्याकडं पोरं गेटवर वर्षानुवर्षं चपला झिजवत होती. बिराचं लग्न त्याच एका शब्दापायी अडलं होतं. सगळे धरूनच चालले होते की जागा बिराची. आप्पांनी तर त्याला सांगूनच टाकलं, "तू खेळ. बाकी माझ्यावर सोड."

साहेब येणार म्हणून पर्सोनेलच्या ऑफिसरनं आप्पांना कुणाचा तरी कोट आणून घालायला लावला. बाह्या बोटांपर्यंत आलेल्या. आम्ही दोरीमागून ओरडलो, "आप्पा, कोटवाले झाला की!" तेही हसले. मैदानात जाताना पोरांना म्हणाले, "हारला तरी चालंल. पर मागं बघून खेळलात तर माझ्याशी गाठ हाय."

पहिल्या हाफमध्ये बिरानं गोल मारला. काय मारला! मला खेळ कळत नाही, तरी मी नाचलो. पण साहेबांची गाडी शिक्रापूरच्या गर्दीत अडकली होती. ते आले ते दुसरा हाफ सुरू झाल्यावर. खुर्चीत बसून त्यांनी पाण्याचा ग्लास हातात घेतला, आणि नेमका तेव्हाच समोरच्या कंपनीनं जोर धरला. एक चेंडू आमच्या खांबाला थडकून परत आला. ऑफिसर धावत आप्पांकडं आला, "साळवे, साहेबांसमोर कप गेला तर माझी इज्जत जाईल." आणि दोरीमागून आम्ही सगळे, मीही, घसा फोडत होतो, "मागं घ्या! आप्पा, सगळ्यांना मागं घ्या!"

आप्पांनी एकदा मैदानाकडं पाहिलं, एकदा साहेबांच्या खुर्चीकडं. आणि हाक मारली, "बिरा, ये भायेर."

बिराला वाटलं दुसऱ्या कुणाला बोलावलं. त्यानं छातीवर बोट ठेवून विचारलं, "मी?" आप्पांनी मान हलवली. तो आला, रेषेबाहेर मातीत बसला आणि बुटांच्या नाड्या सोडू लागला. त्याच्या जागी एक उंच पोरगा गेला, गोलासमोर उभं राहायला. मग आमचे अकराही जण तिथंच उभे राहिले. आला चेंडू की मार बाहेर, आला की मार बाहेर. गुरुवारी दुपारी आप्पा ज्याला शिव्या घालायचे, तेच सगळं. आम्ही एक-शून्यनं जिंकलो. साहेब बक्षीस देताना कौतुकानं म्हणाले, "तो उंच मुलगा कोण? काय शांत डोकं आहे!" तो उंच मुलगा परमनंट झाला.

फोटोसाठी आप्पांना शोधलं तर ते नव्हते. कोट खुर्चीवर ठेवून पायीच निघून गेले होते.

पुढच्या गुरुवारी मी त्यांच्या खोलीवर गेलो. इटलीचा कुठलासा संघ एक गोल मारून दडी मारून बसला होता. मी वाट बघतोय, आता उठतील, आता उठतील. आप्पा जागचे हलले नाहीत. गप्प बसणारे आप्पा मला बघवेनात. मीच म्हणालो, "आप्पा, फिरवा की टीव्ही. द्या की त्या कोटवाल्याला एखादी शिवी."

"कुठल्या तोंडानं?" ते म्हणाले, आणि टीव्ही बंद करून टाकला.

मी समजूत घालायला गेलो. म्हटलं, अहो कप आला, कंपनी खूश आहे, आणि आम्हीच तर ओरडत होतो मागं घ्या म्हणून. तर म्हणाले, "तुमचं सोड. तुम्हाला काय कळतंय? मला कळत व्हतं. मी भ्यालो रं. साहेब समोर बसला आन् माझी टरकली. इतकी वर्षं त्या गोऱ्या लोकांना भ्याड म्हणत आलो, आन् माझ्यावर पाळी आली तवा मी त्यांच्यापरीस भ्याड निघालो." ऑफिसरकडंही ते हात जोडून जाऊन आले होते. ऑफिसर सरळच म्हणाला, "साळवे, साहेबांनी त्याला धड खेळताना पाहिलंच नाही, मी काय सांगू?" थोड्याच दिवसांत बिराला कॉन्ट्रॅक्टरनं ब्रेक दिला, म्हणजे कामावरून थांबवलं, आणि परत काही बोलावलं नाही.

तेव्हा आप्पा म्हणाले, "स्कूटर काढ. निमोण्याला जायाचंय. त्याच्या आईबापासमोर माफी मागायचीय." मला वाटत होतं, कोकऱ्यांच्या घरचे दारात तरी उभं करतील की नाही.

आणि झालं भलतंच. आम्ही अंगणात पोचलो तर बिराच्या बापानं घोंगडी अंथरली, आतून फेटा आणि नारळ आणला. शेजारपाजारचे गोळा झाले. आप्पा "अवं नगं, नगं" म्हणतायत तोवर त्यांच्या डोक्याला फेटा बांधूनही झाला. बिराची आई पदर सावरत म्हणाली, "मामा, तुम्ही खेळवलं म्हून माझ्या पोराचा फोटू कंपनीत लागला. न्हाईतर ह्याला कोन इचारतंय?" आप्पांची मान त्या फेट्याखाली खाली खाली जात चालली होती. माझ्याही हातात कुणीतरी नारळ दिला. मैदानावर दोरीमागं बोंबलणारा मी, तो नारळ घेऊन तसाच बसलो. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेवटी आप्पांनी फेटा उतरवून मांडीवर घेतला. "ताई, मी फेटा घ्याया न्हाई आलो. तुमचं पोरगं परमनंट झालं असतं. साहेब आला आन् मीच ह्याला भायेर काढलं. कप जाईल म्हून भ्यालो. ह्याची नोकरी माझ्यामुळं गेली."

बापानं बिराकडं पाहिलं. बिरा खांबाला टेकून उभा होता. तो अगदी साधेपणानं म्हणाला, "आप्पा, तुम्ही बराबरच केलं. एक-शून्य असताना कोन पुढं जातंय? तुमच्या जागी मी असतो तर मीबी तेच केलं असतं."

सगळ्यांनी माना हलवल्या. चहा आला. आप्पांनी बशी तशीच खाली ठेवली.

परतताना शिरूरच्या पुलाजवळ त्यांनी स्कूटर थांबवायला लावली आणि कडेला जाऊन उभे राहिले. मी विचारलं, "आप्पा, पोरगं एवढं समजूतदार निघालं, आता कशाला मनाला लावून घेता?"

"समजूतदार?" ते माझ्यावर खेकसले. "येडा का खुळा तू? त्या पोराला मागं बघायचं ठाऊक न्हवतं. आता ते मलाच सांगतंय, एक-शून्य असताना पुढं जायचं नसतं म्हून. हे कुणी शिकवलं त्याला? त्यानं मला शिव्या घालायला पायजे व्हत्या. चार लोकांत, तोंडावर. मी मोकळा झालो असतो."

आप्पा रिटायर होऊन दौंडला गेले. बिराला पुढं दुधाच्या टेम्पोवर काम मिळालं, लग्नही उशिरानं का होईना झालं. दर दिवाळीला तो दौंडला आप्पांच्या पाया पडायला जायचा. आणि तो येणार म्हटलं की आप्पा घरातून पसार. त्यांच्या घरच्या काकू सांगायच्या, "स्टेशनावर जाऊन बाकड्यावर बसत्यात. पोरगं गेलं का म्हून इचारायला शेजारच्याला धाडत्यात." बिराला वाटायचं म्हातारा हिंडता-फिरता आहे, बरंय. तो काकूंच्या पाया पडायचा, खव्याचा पुडा ठेवायचा आणि निघून जायचा.

शेवटच्या दिवाळीला आप्पांना उठता येत नव्हतं. मी भेटायला गेलो होतो, त्यांच्या कॉटजवळ बसलो होतो, आणि दारात बिरा उभा राहिला. अंगानं भरला होता, टेम्पोची किल्ली बोटात. आप्पांनी त्याला पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. पळायला जागा नव्हती. बिरा वाकला तसे आप्पांनी दोन्ही पाय गोधडीत ओढून घेतले.

"आप्पा, पाय द्या की," बिरा म्हणाला.

"आधी एक शिवी दे," आप्पा म्हणाले. "मग देतो."

बिरा हसला. त्याला वाटलं म्हातारा थट्टा करतोय. मग त्यानं आप्पांचा चेहरा पाहिला आणि त्याचं हसू गेलं. तो कॉटच्या पायथ्याशी बसला. गोधडीवरूनच हात फिरवत "आप्पा, काय हे, आप्पा" एवढंच म्हणत राहिला.

आप्पा बराच वेळ त्याच्या तोंडाकडं बघत वाट पाहत होते. पाय त्यांनी बाहेर काढले नाहीत.