आक्कांच्या बोटांची पकड

पक्षिकेंद्रावर सगळे त्यांना आक्का म्हणत, वयाने त्यांच्याहून मोठा असलेला पहारेकरीसुद्धा. पाखरांच्या पायात नंबराची कडी घालण्यात त्यांचा हात कुणी धरू शकत नव्हतं. पाखराची मान दोन बोटांच्या मध्ये, अंग तळहातात. सैल धरलं तर निसटतं, आवळलं तर श्वास कोंडतो. मधलं काय ते बोटांनाच कळायला हवं, असं त्या नवशिक्यांना दरडावून सांगत. आणि पाखरू दगावलंच तर लपवायचं नाही, चारचौघांत सांगून कडी दाबायची पक्कड खाली ठेवायची, म्हणजे काम थांबवायचं, हा नियमही त्यांचाच.

गेल्या वर्षी त्या आजारी पडल्या. औषधांनी आजार हटला, पण त्याच औषधांनी बोटांच्या टोकांची जाणीवही नेली. हातून चहाचा कप सुटला की आक्का कपालाच नावं ठेवत. हे काम गेलं तर मागे उरणार काय, तर रिकामं घर आणि गोळ्यांचा डबा. म्हणून त्यांनी कुणापाशी चकार शब्द काढला नाही.

उन्हाळा नुकताच लागला होता, अंडी उबवायचे दिवस. सकाळी जाळ्यात वटवट्याची मादी सापडली. नावाप्रमाणेच बडबडी जात, पण हातात आली की चिडीचूप. आक्कांनी पोटावर फुंकर मारली. पिसांखालची कातडी उघडी, लालसर होती, म्हणजे ही घरट्यावरून उठून आलेली. अशीला सगळ्यांच्या आधी सोडायचं, नाहीतर अंडी गार पडतात. आक्कांनी घाई केली. कडी घातली, पक्कड दाबली आणि मूठ उघडली, तर मान कललेली. आपण आवळतोय हे त्यांना कळलंच नव्हतं.

केंद्राच्या प्रमुखबाई पाठमोऱ्या बसून वजनं घेत होत्या, नवशिके नोंदी करत होते. प्रमुखबाई म्हणजे आक्कांच्याच हाताखाली तयार झालेली मुलगी. आक्कांनी मादी खिशात टाकली, रिकामा हात खिडकीबाहेर काढला आणि म्हणाल्या, "सोडली."

त्यांना स्वतःची शिसारी आली. पुढचं पाखरू घ्यायला त्या उठल्या नाहीत, चष्मा पुसत बसल्या. बाहेर जाळ्याजवळच्या झुडपात तिचा नर ओरडत होता. थांबायचं नाव घेईना. आज याला झालंय तरी काय, असं प्रमुखबाई दोनदा म्हणाल्या.

आक्कांना ऐकवेना. त्यांनी मादी खिशातून काढून टेबलावर ठेवली, शेजारी पक्कड ठेवली आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं, बोटांचंसुद्धा.

मग त्या झुडपापाशी गेल्या. प्रमुखबाई मागोमाग आल्या. फांदी बाजूला सारली, तर आत घरटं होतं. आक्कांनी त्यातल्या अंड्यांना बोट टेकवलं आणि बराच वेळ तसंच ठेवलं.

"तू हात लावून बघ गं," त्या म्हणाल्या. "मला कळत नाहीये."

प्रमुखबाईंनी हात लावला.

"गार आहेत, आक्का."