पावणेसात इंच

आमच्या बोलिंगच्या हॉलमध्ये जिन्याखाली एक खोली आहे. तिथे एक माणूस बॉलला भोकं पाडतो. सगळे त्याला गिरमिट म्हणतात. मी समोरच्या काउंटरवर भाड्याचे बूट देते, म्हणून सतरा वर्षं त्याचं तोंड रोज बघत आले आहे. ते तोंड गोड कधीच नव्हतं. नवं गिऱ्हाईक आलं की तो आधी त्याचा हात उलटासुलटा करून बघायचा आणि म्हणायचा, "बोटं बरी आहेत. डोकं कसं आहे ते चार दिवसांत कळेल."

हॉलमध्ये त्याचं एकाच माणसाशी उभं वैर होतं, आणि तो त्याचा साडू होता. गिरमिटच्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. साडू आमच्या लीगचा अध्यक्ष. कोणाशीही ओळख करून देताना गिरमिटच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचा, "हे आमचे साडू. भोकं पाडतात." लोक हसायचे. गिरमिट तो हात झटकत नसे, नुसता बाजूला सरकत असे. मी इथे आले तेव्हापासून हेच चाललं होतं.

गेल्या वर्षी लीगमध्ये लंबू म्हणून एक उंच खेळाडू सगळ्यांना धूळ चारत होता. त्याचा बॉल सरळ जायचा आणि शेवटच्या टप्प्यात असा वळायचा की दहाच्या दहा पिना आडव्या. साडूनं तसाच बॉल आणला आणि गिरमिटच्या टेबलावर आदळला.

"लंबूच्या बॉलला जशी भोकं आहेत तशीच पाड. तसूभरही फरक नको."

गिरमिटनं साडूच्या जुन्या बॉलवरचा तेलाचा पट्टा पाहिला. लेनवर तेल असतं, आणि बॉल ज्या रेषेवर फिरतो तिथे त्याचं कडं उमटतं. त्या कड्यावरून बॉल कोणत्या बिंदूभोवती फिरतो ते मोजता येतं. प्रत्येकाचा हा बिंदू वेगळा असतो. लंबूचा पकडीपासून चार इंचांवर होता, साडूचा सहा इंचांवर.

"तुमचा हात वेगळा फिरतो," गिरमिट म्हणाला. "हे तुम्हाला चालणार नाही."

"भोकं पाडणाऱ्यानं भोकं पाडावीत," साडू म्हणाला. "शिकवायला मी तुला बोलावलेलं नाही."

"बरं," गिरमिट म्हणाला.

त्या 'बरं'चा सूर मी ओळखायला हवा होता. त्यानं लंबूचा बॉल मागून घेतला, मापं घेतली आणि दुपारभर खपून इतकं सुबक काम केलं की दोन बॉल जुळे भाऊ वाटावेत.

लीगच्या सामन्यात साडूचा बॉल वळेचना. तेलावरून घसरत जायचा, पिनांच्या कडेला लागायचा आणि निम्म्या पिना उभ्या राहून त्याच्याकडे बघत बसायच्या. साडूचा संघ हरला. तो घामाघूम होऊन जिन्याखाली आला. मागे पंधरावीस माणसं होती.

"मुद्दाम खराब केलास. घरच्या माणसावर सूड उगवलास."

गिरमिटनं लंबूचा बॉल मागवला आणि दोन्ही शेजारी ठेवले. लंबूच्या बॉलवर तेलाची सात-आठ कडी पंख्यासारखी पसरली होती. साडूच्या बॉलवर एकच, जाड.

"आतला गाभा गोल नसतो," तो म्हणाला. "वरचा हा ठिपका म्हणजे गाभ्याचं डोकं. फिरण्याच्या बिंदूपासून ते किती लांब, यावर बॉल किती डुलणार ते ठरतं. लंबूचं अंतर पावणेपाच इंच. बॉल डुलतो, दर फेरीला नवी कोरडी जागा लेनला टेकते, पकड घेते, आणि बॉल वळतो. तीच भोकं तुमच्या हातात आली की अंतर पावणेसात. घेराचा बरोबर चौथा हिस्सा. तिथे बॉल डुलतच नाही. आपल्याच तेलावरून घसरत राहतो. तुम्ही सांगितलंत तसंच केलंय. तसूभरही फरक नाही."

मागून कोणीतरी खुदकन हसलं. साडू पाय आपटत निघून गेला.

त्यानं मालकाकडे लेखी तक्रार केली. मालकानं वाचून एकच विचारलं, "मग भोकं कोण पाडणार?" तक्रार तिथेच विरली.

पण दोन्ही बहिणींचं बोलणं बंद झालं. गिरमिटची बायको डबा द्यायला आली तेव्हा माझ्या देखतच तिनं विचारलं, "पावणेसात होतंय हे तुम्हाला आधीच दिसलं होतं ना?"

"दिसलं होतं."

"मग एकदाच का सांगितलंत? हे इंच, हे डुलणं, तेव्हाच का नाही सांगितलं?"

तो मशीनवरचा बॉलचा कीस झाडत राहिला. "दुसऱ्यांदा सांगायचं नव्हतं मला."

ती डबा ठेवून गेली. आठवडाभर डबा आला नाही. तो बाहेरून पाव आणून खायचा आणि कोणाकडे बघायचा नाही.

तीन महिन्यांनी तोच बॉल कुणाच्या तरी हाती जिन्याखाली आला, चिठ्ठी नव्हती. गिरमिटनं जुनी भोकं भरून, घासून, बॉल गुळगुळीत केला आणि तसाच परत पाठवला. सोबत निरोप: नवी भोकं हवी असतील तर समोर उभं राहून चार बॉल टाकावे लागतील.

भोकांशिवाय बॉल म्हणजे नुसता धोंडा. साडू महिनाभर धुमसत राहिला. मग एका दुपारी, हॉल रिकामा असताना आला. माझ्याकडून बूट घेतले, तो गुळगुळीत बॉल गिरमिटच्या टेबलावर ठेवला, त्याच्याकडे बघितलंही नाही. आपला जुना बॉल चार वेळा टाकला. गिरमिटनं पट्टीनं मोजलं, खडूनं खुणा केल्या. दुसऱ्या दिवशी बॉल तयार होता.

तो बॉल वळतो. मी पाहिलंय, लंबूपेक्षा थोडा आधी, पण असा भरभक्कम की पिना भिंतीला जाऊन धडकतात. या वर्षी साडू तिसरा आला. कोणी विचारलं की सांगतो, बॉल बाहेरगावी करून घेतला. गिरमिट ते ऐकतो आणि मशीन सुरू करतो. बहिणी आता फोनवर बोलतात. हे दोघं बोलत नाहीत, आणि बोलतील असं मला वाटत नाही.